समितीला ‘नको’ म्हणता येतं का? आरोग्यविषयक तज्ज्ञ समित्यांच्या स्वातंत्र्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात माझी फार्मसी आहे. सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी काउंटरवर कोपर टेकून विचारलेले आणि अलीकडे व्हॉट्सॲपवरून येऊन पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नव्हे, तेव्हा तुमच्या दुखण्यावरचं उत्तर इथे शोधू नका. धडधाकट माणसाला कुठली तपासणी करावी, कुठली लस द्यावी, हे कोण ठरवतं आणि त्या ठरवणाऱ्यांच्या मानगुटीवर कोण बसू शकतं, एवढाच विषय.

त्यासाठी समिती कशाला हवी? आमचे डॉक्टर आहेत की.

ताप आला की माणूस आपल्या पायांनी डॉक्टरकडे जातो. प्रतिबंधक सेवेत गणित उलटं असतं. काहीही होत नसलेल्या माणसाला आपण घरातून बोलावून आणतो आणि म्हणतो, बस, रक्त काढू. त्याचं काही बिघडलं तर ते आपण बिघडवलेलं असतं. म्हणून इथे पुरावा जास्त कडक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ साली अशा तपासण्यांसाठी दहा निकष लिहून ठेवले: आजार गंभीर हवा, लक्षणांआधी तो सापडण्याजोगा हवा, सापडल्यावर उपयोगी पडेल असा उपचार हवा, वगैरे. पन्नासहून जास्त वर्षं झाली, अजून तेच वापरतात.

एकट्या डॉक्टरला हे हिशेब जमत नाहीत. हजार लोकांची तपासणी केली तर किती वाचले आणि किती उगाच कापले गेले, हे त्याच्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसत नाही. वाचलेला माणूस मिठाईचा बॉक्स घेऊन येतो. उगाच कापला गेलेलाही मिठाई घेऊनच येतो, कारण त्यालाही वाटतं आपण वाचलो.

पण तपासून घेतलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

माझे सासरे कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे, निवृत्त चालक. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एका शिबिरात ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं. रिपोर्टात प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीच्या पीएसए या रक्ततपासणीपुढे ठळक अक्षरात ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापून आला. त्या एका अक्षरापायी स्कॅन झाला, बायोप्सी झाली, बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला, चार दिवस लघवीची नळी. बायोप्सीत काही निघालं नाही. देवळातला भजनी सप्ताह मात्र त्यांचा आयुष्यात पहिल्यांदा चुकला, आणि झांजा शेजाऱ्यांच्या मुलाने वाजवल्या याचं दुःख त्यांना बायोप्सीपेक्षा जास्त झालं.

सत्तरीनंतर ही तपासणी सरसकट करू नका, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने केव्हाच लिहून ठेवलं आहे. ते पत्रक मी नंतर काउंटरवर पसरून वाचलं. त्याच पॅकेजात बायकांसाठी ‘सीए १२५’ होतं. लक्षणं नसलेल्या, घराण्यात तसा धोका नसलेल्या बाईत अंडाशयाचा कर्करोग शोधायला तपासण्या करू नयेत, असं २०१८ सालीही त्याच समितीचं म्हणणं होतं. ‘व्हिटॅमिन डी’ही होतं. काही तक्रार नसताना ते मोजावं की नाही, हे सांगण्याइतका पुरावाच नाही, असं समिती २०२१ साली म्हणाली. एका रक्ताच्या नळीत तीन गोष्टी: एक या वयाला नको, एक नकोच, एक ठाऊक नाही. पत्रकावर मात्र तिन्हींपुढे हिरवी टिकमार्क होती.

याहून मोठं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे १९९९ साली राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण थोडे जास्तीचे पैसे घेऊन दवाखाने ती सोबत करून देत. २०११ साली थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं होतं. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त लोक. मृत्यू जिथल्या तिथे. म्हणजे एवढे गळे कापले, आयुष्यभराच्या गोळ्या लागल्या आणि मरणाऱ्यांची संख्या हलली नाही. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे ‘थांबवा’ म्हटलं आणि पुढच्या वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एकतृतीयांशाने घटल्या.

अमेरिकेची ती समिती म्हणजे कोण? आपल्याला तिचं काय?

युनायटेड स्टेट्स प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स. १९८४ साली सुरू झाली. सोळा सदस्य, प्राथमिक उपचार आणि प्रतिबंध यांतले जाणकार, चार वर्षांची मुदत, मानधन नाही. विषय कुणीही सुचवू शकतं. पुराव्याची छाननी वेगळी संस्था करते, मसुदा लोकांपुढे चार आठवडे ठेवतात, आलेली मतं वाचून मग अंतिम शिफारस. शिफारशीला अक्षर मिळतं: ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे करा, ‘सी’ म्हणजे माणूस पाहून ठरवा, ‘डी’ म्हणजे करू नका, ‘आय’ म्हणजे पुरावा अपुरा.

मला विचाराल तर समितीची परीक्षा ‘ए’त होत नाही. ‘करा’ म्हटल्यावर कुणाचं पोट दुखतं? यंत्र विकणारा खूश, मंत्री फीत कापायला मोकळा. समिती स्वतंत्र आहे की नाही ते ‘डी’ आणि ‘आय’ या दोन अक्षरांवरून कळतं. ‘नको’ आणि ‘ठाऊक नाही’ म्हणूनही दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची शाबूत राहते का, एवढंच मी बघतो.

आपल्याला तिचं काय, तर आपल्याकडची बरीच पत्रकं ‘तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार’ म्हणत अशाच ठिकाणांकडे बोट दाखवतात.

स्वातंत्र्य नेमकं कुणापासून?

लोक पटकन औषध कंपन्या म्हणतात. ते आहेच. पण आमच्या धंद्यात राहून मला दिसलेली यादी लांब आहे: मंत्री, यंत्रं विकणारे, विमावाले, रुग्णांच्या संघटना आणि सगळ्यांत अवघड म्हणजे स्वतःचे व्यवसायबंधू. ज्याचं पोट एका तपासणीवर चालतं, त्याने तिच्याविरुद्ध मत द्यावं ही अपेक्षा कठीणच. तो लबाड असतो असं नव्हे. त्याने वाचलेले रुग्ण पाहिलेले असतात.

अमेरिकेतलाच एक जुना किस्सा. १९९४ साली तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने तीव्र कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. सूर असा की बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, हालचाल ठेवा, थोडं थांबा. मणक्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या काहींनी खासदारांकडे धाव घेतली. १९९५ साली संस्थेचा निधी शून्यावर आणण्यापर्यंत मजल गेली. संस्था कशीबशी वाचली, पण पैसे कापले गेले आणि मार्गदर्शिका काढणं तिने सोडून दिलं. पुढे १९९९ साली नाव बदललं, त्यातून ‘धोरण’ हा शब्दही गेला. टास्क फोर्सचं कामकाज आज याच संस्थेच्या आधाराने चालतं. कंबरदुखीच्या त्या सल्ल्यात फारसं वावगं काही नव्हतं. आज कुठलाही शहाणा डॉक्टर तुम्हाला तेच सांगेल.

२०२५ साली तिकडे काय घडलं, ज्याचा इतका गवगवा झाला?

दोन गोष्टी घडल्या. लोक त्यांची गल्लत करतात, म्हणून वेगवेगळ्या सांगतो.

पहिली गोष्ट न्यायालयातली. २०१० च्या आरोग्य कायद्याने ठरवलं होतं की टास्क फोर्सने ‘ए’ किंवा ‘बी’ दिलेली सेवा खासगी विमा कंपन्यांनी रुग्णाकडून वेगळे पैसे न घेता द्यायची. त्या दिवसापासून अक्षराला पैशाचं वजन आलं. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या गोळ्यांना २०१९ मध्ये ‘ए’ मिळाला होता. धार्मिक कारणावरून त्यांना आक्षेप असलेली टेक्सासमधली एक कंपनी न्यायालयात गेली. म्हणणं असं की या सदस्यांची नेमणूकच घटनेला धरून नाही. २७ जून २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कंपनीचा दावा फेटाळला. मोफत सेवा वाचल्या. पण कशाच्या जोरावर वाचल्या? सदस्य आरोग्यमंत्र्यांच्या हाताखालचे आहेत, मंत्री त्यांना हवं तेव्हा काढू शकतात आणि शिफारस लागू होण्याआधी अडवू शकतात, म्हणून नेमणूक वैध! कायद्यात मात्र लिहिलंय की सदस्य स्वतंत्र असतील आणि शक्य तितके राजकीय दबावापासून दूर. घर वाचलं, पण किल्ली शेजाऱ्याच्या हातात गेली. पुढच्याच महिन्यात समितीची ठरलेली बैठक मंत्र्यांनी पुढे ढकलली.

दुसरी गोष्ट लसींची. लसीकरणाचा सल्ला देणारी समिती वेगळी, ‘एसीआयपी’, १९६४ पासूनची. ९ जून २०२५ रोजी आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी धाकटे यांनी तिचे सतराच्या सतरा सदस्य एका दिवसात काढले आणि दोन दिवसांत आठ नवी नावं जाहीर केली.

मंत्री लोकांनी निवडून दिलेले. समितीला कुणी निवडलं? मग मंत्र्यांचं ऐकायला नको का?

हा प्रश्न एका निवृत्त मास्तरांनी विचारला आणि मी दोन दिवस विचारात पडलो. प्रश्न चोख आहे. तिजोरी लोकांची, तर शेवटचा शब्द लोकप्रतिनिधीचा असावा, यात गैर काहीच नाही. एखादी तपासणी चांगली आहे पण आत्ता पैसे नाहीत, असं मंत्री म्हणू शकतो. समितीने ‘नको’ म्हटलेलं तो करूही शकतो. फक्त ते त्याने स्वतःच्या सहीने करावं. समितीचा कागद एका बाजूला, मंत्र्याचा निर्णय दुसऱ्या बाजूला, दोन्ही लोकांसमोर. भानगड कुठे होते, तर मंत्र्याला निर्णय स्वतःचा हवा असतो आणि सही तज्ज्ञाची. मग तो तज्ज्ञच बदलतो.

स्वतःच्या सहीने, उघडपणे निर्णय फिरवण्याचं बरं उदाहरण २००९ च्या एका शिफारशीवरून घडलं. चाळिशीतल्या सगळ्याच बायकांची सरसकट मॅमोग्राफी नको, ज्याचं त्याने ठरवावं, असं टास्क फोर्सने म्हटल्यावर देशभर रान उठलं. तिथल्या संसदेने काय केलं, तर २०१० च्या त्याच आरोग्य कायद्यात लिहून टाकलं की नोव्हेंबर २००९ च्या आसपासची ती स्तनतपासणीची शिफारस धरायची नाही. मला तो निर्णय पटत नाही. पण तो उघड होता, मत देणाऱ्यांची नावं नोंदलेली आहेत आणि समितीचा कागद जसाच्या तसा राहिला. कुणाला घरी पाठवलं नाही.

‘अमेरिकेत जन्मल्या जन्मल्या द्यायची कावीळ लस बंद झाली’ असा मेसेज आला. सुनेचे दिवस भरत आलेत. देऊ की नको?

द्या. डिसेंबर २०२५ मध्ये त्या नव्या ‘एसीआयपी’ने ठरवलं की आईची हिपॅटायटिस बी (हीच ती कावीळ) तपासणी निगेटिव्ह असेल तर जन्मतःचा डोस सरसकट न देता आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. लस ‘बंद’ तिथेही नाही. आणि आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात जन्मानंतर चोवीस तासांच्या आतला डोस आहे तो आहेच. तो मेसेज मी स्वतः तीन वेगवेगळ्या ग्रुपवर पाहिला. वॉशिंग्टनमध्ये खुर्च्या हलल्या की धक्का म्हार्दोळपर्यंत पोचतो तो असा. अजून शंका असेल तर आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा, त्या फोन उचलतात.

भारतात अशी समिती आहे का?

लसींसाठी आहे. राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट, ‘एनटागी’, २००१ साली स्थापन झालेला. तपासण्यांसाठी मात्र टास्क फोर्ससारखी सगळं तोलून अक्षर देणारी एकच समिती आपल्याकडे नाही. विषयागणिक वेगवेगळे गट मार्गदर्शिका काढतात.

‘एनटागी’ची एक गोष्ट आठवत असेल. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं गेलं. सरकारने ते गटाच्या शिफारशीवरून केल्याचं सांगितलं. पुढच्याच महिन्यात गटाच्या तीन सदस्यांनी एका वृत्तसंस्थेला सांगितलं की आठ ते बारा आठवड्यांना आमचा पाठिंबा होता, पण त्यापुढच्या अंतरासाठी गटाकडे आकडेवारी नव्हती. गटाचे पदाधिकारी म्हणाले, निर्णय एकमताने झाला. खरं कोण, यात मी पडत नाही. त्या दिवसांत लस अपुरी होती हे सगळ्यांना दिसत होतं. ‘लस कमी आहे म्हणून अंतर वाढवतो’ असं सरकारने म्हटलं असतं तर माझ्या काउंटरवरच्या लोकांनी ते समजून घेतलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आणि गोव्यात?

गोव्याचं सांगायचं तर १० मे २०२१. आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, कोविड असो वा नसो, आयव्हरमेक्टिन या जंतावरच्या औषधाच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस देणार. घोषणेत इंग्लंड, इटली, स्पेन, जपान इथल्या तज्ज्ञांचा हवाला होता. त्याआधी ३१ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं होतं की हे औषध कोविडसाठी फक्त चाचण्यांमध्येच वापरावं. आणि फेब्रुवारीत मर्क, म्हणजे हे औषध बनवणारी कंपनीच, म्हणाली होती की कोविडवर उपयोग होतो असा अर्थपूर्ण पुरावा नाही. आपला माल घेऊ नका असं कंपनी सांगते आणि सरकार म्हणतं घ्या, असं मी माझ्या कारकिर्दीत एकदाच पाहिलं.

न्यायाने सांगायचं तर केंद्राच्या तेव्हाच्या सूचनांत सौम्य रुग्णांसाठी या गोळीचा विचार करा, असं होतं. ते पुढे सप्टेंबरमध्ये आयसीएमआरने काढून टाकलं. पण रुग्णाला देणं वेगळं आणि काहीही होत नसलेल्याला देणं वेगळं. वर म्हटलं ते दारात जाऊन बोलावण्याचं गणित इथे लागू होतं.

दोष द्यायला मला संकोच वाटतो, कारण तो महिना मी पाहिलाय. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, प्राणवायूअभावी माणसं तडफडत होती, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं होतं. माझ्या दुकानासमोर त्या सकाळी शटर अर्धं वर जायच्या आत रांग लागली. एक बाई चुलत्यांची, आत्याची, शेजाऱ्यांची मिळून सोळा माणसांची नावं वहीच्या पानावर लिहून आली होती. तिला मी काय सांगणार होतो, पुरावा अपुरा आहे? अशा वेळी दुकानदाराच्या हातात दाखवायला एक कागद लागतो: राज्यातल्या ह्या ह्या तज्ज्ञांनी पुरावा पाहिला, त्यांना तो असा असा दिसला. असा कागद माझ्यापर्यंत पोचला नाही. मी गोळ्या दिल्या.

तज्ज्ञांचे कंपन्यांशी संबंध असतातच. मग स्वतंत्र तज्ज्ञ आणायचा कुठून?

संबंध नसलेले सगळेच हवेत म्हटलं तर खोली रिकामी राहील. म्हणून जाहीर करायचं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसायचं, ही रीत. टास्क फोर्सचे सदस्य दर बैठकीआधी पैशांचे आणि बिनपैशांचेही हितसंबंध लिहून देतात. आपल्याकडे पंचायतीच्या बैठकीत भावाच्या बांधकामाचा विषय निघाला की पंच बाहेर जाऊन उभा राहतो (निदान राहायला हवा), तसंच.

स्वतंत्र समिती चुकत नाही का?

चुकते, बदलते. पीएसएला २०१२ साली सर्वांसाठी ‘डी’ होता. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाला ‘सी’ झाला. मॅमोग्राफीचा सल्ला २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी असा झाला. लोक म्हणतात, बघा, यांचं एक ठरत नाही. मी म्हणतो, नवा पुरावा आला आणि कारण लिहून मत बदललं, हे मला चालेल. नवा मंत्री आला आणि मत बदललं, तिथे मी सावध होतो.

परदेशी शिफारशी आपल्या लोकांना लागू पडतात?

सगळ्या नाहीत, आणि आपल्याकडे स्वतःचा पुरावा आहे हे आपण विसरतो. मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटा मेमोरियलने अभ्यास केला. साध्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून पाहायचं. त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, लॅब नाही. तिरुवनंतपुरममध्ये तोंडात टॉर्च मारून केलेल्या तपासणीने तंबाखू-दारूवाल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, एवढंच आहे. व्हिनेगरला विक्रेता नसतो, त्यामुळे शिबिराच्या बॅनरवर ते दिसत नाही.

आम्ही सामान्य माणसं काय करणार?

राज्यात कुठलीही मोठी तपासणी मोहीम निघाली की विचारा: कुठल्या समितीने सांगितलं, इतिवृत्त कुठे आहे, पैसे कुणाचे. २००५ चा माहिती अधिकार त्यासाठीच आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. ग्रामसभेत विचारलं तर फुकट.

येत्या रविवारी देवळाच्या मंडपात शिबिर आहे. जाऊ का?

जा. रक्तदाब बघा, साखर बघा. तंबाखू खात असाल तर तोंड उघडून दाखवा. बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कुठे होते ते विचारून ठेवा, आरोग्य केंद्रात सोय असते. बाकीच्या बहात्तर तपासण्यांचं पत्रक हातात दिलं तर घडी करून माझ्याकडे घेऊन या. सासरे हल्ली संध्याकाळी दुकानात बसतात, लाल पेन त्यांच्याकडेच असतो.